चित्रातल्या पोरीच्या गालावरची हळद
हळद शिजायला लागली, की वासासोबत ती सकाळ येते. पोराची परदेशी बायको काळी, कुरळ्या केसांची. नात तिच्यावरच गेलेली. सुट्टीत आली तेव्हा माझ्या म्हातारीनं, तिच्या आजीनं, तिला ओसरीवर बसवून बेसन-हळद चोळली. "रंग उजळते, बाई, गुपचूप राह्य." पोरीच्या मांडीवर आईनं दिलेलं चित्रांचं पुस्तक होतं; त्यातली पोरगी हुबेहूब हिच्यासारखी, हसरी. नातीनं वाटीत बोट बुडवलं, चित्राच्या गालावर फिरवलं न् विचारलं, "आबा, ही पण घाण आहे?" मी वाटी उचलून अंगणात पालथी केली. म्हातारी म्हणाली, "कायले फेकलं?" म्हटलं, "माही नात हाये. जशी हाये तशीच राहीन." पण पोरीनं पुस्तक पुन्हा उघडलं नाही, जाताना इथंच ठेवून गेली. मला त्यातलं अक्षर लागत नाही. पिवळा डाग तेवढा पाहतो, अन् मिटून ठेवतो.