सोडलेला तेरावा धडा

मला याद्या करायची सवय आहे. वाणसामानाची यादी सगळेच करतात. मी कोणाकडे जायचं, कोणाला पत्र लिहायचं, कोणता पंखा पुसायचा, याचीही करते. दर रविवारी नवी यादी. झालेल्या कामावर रेघ, राहिलेलं काम पुढच्या रविवारच्या यादीत. माझ्या सगळ्या वह्यांत एकच काम असं आहे की ते वर्षभर पुढे सरकत राहिलं आणि शेवटी न करताच मी त्यावर रेघ मारली.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. आम्ही नागपुरात, धरमपेठेत राहत होतो. थोरली मुलगी दहा वर्षांची, धाकटी आठ. थोरलीला सांध्यांचा ताप आला. तो उतरल्यावर डॉक्टरांनी सांगितलं की हृदयावर थोडा परिणाम आहे. दीड वर्ष शाळा, जिने आणि पळापळ बंद. ती एकटी पडेल म्हणून धाकटीलाही मी घरीच ठेवलं. शाळेच्या मुख्याध्यापिका समजूतदार होत्या. म्हणाल्या, "परत आणाल तेव्हा सगळ्या विषयांचे पेपर घेऊ. पास झाल्या तर मैत्रिणींच्या वर्गात, नाही तर मागच्या." थोरलीनं दोघी मैत्रिणींकडून आधीच शब्द घेऊन ठेवला होता, की बाकावरची मधली जागा माझी.

मी तक्ता आखला. गणित यांच्याकडे, ऑफिसला जाण्यापूर्वी. इतिहास-भूगोल माझ्याकडे. गाणं थोरलीला आवडायचं म्हणून पेटीवाल्या बाई रोज चारला. अडलं ते मराठी व्याकरण. सीताबर्डीवरून तीन पुस्तकं आणली. एकात नुसत्या व्याख्या होत्या. दुसरं इतकं पातळ होतं की आठवड्यात संपलं. तिसरं देखणं होतं, पण त्यातल्या प्रत्येक वाक्यात समुद्र, होडी आणि नारळ. माझ्या मुलींनी अंबाझरीच्या तलावापेक्षा मोठं पाणी पाहिलेलं नव्हतं. मी कागदावर तीन रकाने पाडून गुण-दोष लिहिले आणि पहिलंच पुस्तक घेतलं, कारण त्यात सूची होती. महिन्याभरानं थोरली व्याख्या म्हणताना पेंगायची. धाकटी म्हणाली, "आई, क्रियापदाला कधी ताप येत नाही का गं? एखादा दिवस सुट्टी घेईल."

गल्लीच्या टोकाला चक्की होती. तिथे दळणाची वाट बघत मी एका शेजारणीला हे गाऱ्हाणं सांगत होते. बाकावर साठीच्या आसपासच्या एक बाई बसल्या होत्या. मागच्या गल्लीत त्यांच्या मुलाला सरकारी क्वार्टर मिळालं होतं. नगरपालिकेच्या शाळेत त्यांनी जन्म काढला होता. त्या बौद्ध होत्या, छप्पन साली इथेच दीक्षा घेतलेल्या घरातल्या. हे मला माहीत होतं, कारण अशा गोष्टी गल्लीत आधी माहीत होतात, नाव नंतर कळतं.

त्या म्हणाल्या, "ताई, व्याख्या काहून पाठ करून घेऊन राहिल्या? आधी पोरींले बोलू द्या. त्यांचंच वाक्य त्यांच्यासमोर ठेवा. नियम मग दाखवा, त्याले घाई नसते."

दुसऱ्या दिवशी त्या फाटकाशी आल्या. हातात तपकिरी कापडाची जाड वही आणि मुरमुऱ्याच्या लाडवांचा छोटा स्टीलचा डबा. वहीत चाळीस धडे होते, निळ्या शाईत, समास तांबड्या रेघेचा. वाक्यं सगळी इथलीच. 'इतवारीत हातगाडी अडकली.' 'कन्हानच्या पुलावरून मालगाडी गेली.' प्रत्येक धड्यात आधी मुलाशी काय बोलायचं, कुठे थांबायचं, तो चुकला तर काय विचारायचं, हेही लिहिलेलं. मी उभ्या उभ्या चार पानं चाळली आणि मला कळलं की मी जे शोधत होते ते हेच.

"म्हणाल तर मी येऊन शिकवीन," त्या म्हणाल्या. "हप्त्यातून दोनदा. मुलगा ऑफिसात जाते, मी घरी बसून काय करू? ही वही शाळेत कोणी घेतली नाही. साहेब म्हणे, छापील असेल ते शिकवा. दोन पोरी तरी पुऱ्या शिकल्या यातून, तर मले बरं वाटेल."

मी म्हटलं, "डॉक्टरांनी बाहेरच्या माणसांना मनाई केली आहे हो. वही बघून सांगते."

पेटीवाल्या बाई त्याच दिवशी चारला आल्या. रोज येत होत्या. सासूबाईंना चालणार नाही, असं मी मनाशी म्हटलं होतं. सासूबाईंना मी विचारलं नव्हतं.

आठ दिवसांत मी ती वही उतरवून काढली. दुपारी दोन ते चार, रोज पाच धडे, झालेल्यावर खूण. तेराव्या धड्याशी थांबले. भूतकाळाचा धडा होता. चार वाक्यं होती. 'त्या दिवशी आईने पांढरे लुगडे नेसले. बाबांनी माझ्या मुलाचा हात धरला. आम्ही पायी मैदानावर गेलो.' आणि चौथं एक. कोणत्या दिवसाबद्दल आहे हे नागपुरात कोणाला सांगावं लागत नाही. हे आमच्या घरात कशाला, असं वाटलं. फार विचार केला असंही नाही; भाजी निवडताना देठ बाजूला टाकावं तसं पान उलटलं. चौदाव्याला तेरा आकडा दिला. एकूण एकोणचाळीस.

लाडू भांडीवालीला दिले. डबा घासून त्यात साखर भरली, कारण कोणाचा डबा रिकामा परत करायचा नाही ही आमची रीत, आणि रीतीत मी कधी चुकत नाही. वही वर्तमानपत्रात गुंडाळली. फाटकाशीच दिली.

"जरा जुन्या पद्धतीची आहे, बाई. आमच्या परीक्षेला उपयोगाची नाही."

"असं का?" त्या म्हणाल्या. वही छातीशी धरली. "बरं. तब्येत कशी आहे पोरीची?"

मुली पास झाल्या. थोरली दोघी मैत्रिणींच्या मधे बसली. आमच्या महिला मंडळात मला बोलायला सांगितलं: आजारी मुलांचा घरचा अभ्यास. मी त्या धड्यांच्या सायक्लोस्टाइल प्रती काढल्या. पहिल्या पानावर माझं नाव. बायकांनी थट्टा केली. एक म्हणाली, "हिनं नवऱ्याचीसुद्धा यादी केली असेल. कर्ता, कर्म आणि बाकी सगळं सहायक!" सगळ्या हसल्या, मीही. मग धाकटीनं पुढे येऊन खड्या आवाजात वाचलं, "कन्हानच्या पुलावरून मालगाडी गेली."

तेव्हा मला त्या दिसल्या. मागे, दाराजवळच्या खुर्चीवर. कोणाबरोबर आल्या होत्या कोण जाणे.

कार्यक्रम संपल्यावर त्या धाकटीपाशी आल्या. "छान वाचलं वं पोरी. कन्हानच्या पुलावर गेली होती का कधी?"

"नाही. ते आईच्या वहीत आहे."

"आईच्या वहीत," त्या म्हणाल्या. मग माझ्या हातातली प्रत घेऊन त्यांनी पानं उलटली; शिक्षिका उलटते तशी, बोटाला थुंकी न लावता, भराभर. मला वाटलं, आता सगळ्यांसमोर बोलतील. आवाज वाढवला असता तर मला काहीतरी उत्तर तरी देता आलं असतं.

"क्रम बराबर ठेवला तुम्ही," त्या हळू म्हणाल्या. "पण बारावरून एकदम पुढं गेल्या. मधलं नाही घेतलं तर भूतकाळ कच्चा राहते. तेरावा काहून सोडला?"

"वेळ नव्हता," मी म्हटलं.

"चार वाक्यं होती, ताई."

प्रत त्यांनी टेबलावर नीट, कडेला कड लावून ठेवली आणि गेल्या.

त्या रविवारच्या यादीत मी लिहिलं, 'बाईंकडे जाणे.' पुढच्या रविवारीही लिहिलं. क्वार्टर आमच्या फाटकापासून दोन मिनिटांवर होतं. मी चक्की बदलली. नवी लांब होती, पीठ जाडं यायचं, पोळ्यांबद्दल सासूबाई रोज बोलायच्या. वर्षभरानं जुन्या चक्कीवाल्याकडून कळलं की मुलाची बदली झाली, बाई त्याच्याबरोबर गेल्या. त्या रविवारी मी त्या ओळीवर रेघ मारली, झालेल्या कामावर मारते तशीच. रेघ ओढताना मला हलकं वाटलं, हेही लिहायला हवं.

थोरली आता स्वतः शाळेत शिकवते. गेल्या महिन्यात तिनं त्या सायक्लोस्टाइल प्रती मागितल्या. देण्यापूर्वी मी पहिल्या पानावरचं माझं नाव खोडलं, आकडे सुधारले आणि कोऱ्या कागदावर तेरावा धडा लिहायला बसले. तीन वाक्यं आठवली. चौथं नाही. मी वाण्याच्या दहा वर्षांपूर्वीच्या याद्या सांगू शकते, ते वाक्य नाही.

मग तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "त्या शिकवायला यायला तयार होत्या ना? मग बोलावलं का नाहीस?"

"तुझं आजारपण होतं. डॉक्टरांनी बाहेरच्या माणसांना..." माझ्या तोंडून निघून गेलं. इतक्या वर्षांनीही ते तयारच होतं.

"आई, पेटीवाल्या बाई रोज यायच्या."

मी मान हलवली. तिनं तो कागद उचलला, तीन वाक्यं वाचली आणि खाली मी मोकळी सोडलेली ओळ बघितली. मग बाराव्या आणि चौदाव्या धड्याच्या मधे तो ठेवून तिनं प्रती पिशवीत घातल्या.