काय समजलं?

मोखाड्यात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. मॅडम तिथे पत्रकं काढायला येतात. आधी त्या मुंबईत औषध कंपन्यांसाठी लिहायच्या. ते काम कॉम्प्युटर करायला लागला, तेव्हा इथल्या एका संस्थेत कंत्राटावर आल्या. गोळ्या कशा घ्यायच्या ते सोप्या मराठीत लिहितात.

प्रती काढण्याआधी दुकानात जो असेल त्याला वाचून दाखवतात. "समजलं का?" असं कधीच विचारत नाहीत, कारण आमच्याकडे त्याला सगळेच "हो" म्हणतात. त्या विचारतात, "काय समजलं?"

एकदा 'जेवणानंतर दिवसातून तीनदा' ऐकून जामसरची म्हातारी म्हणाली, "दोनच घ्यायच्या. आमी दोनदाच जेवतो." मॅडमनी माझ्या हातातून कागद परत घेतला आणि बाकावर बसून अख्खं पत्रक नव्याने लिहिलं. मागे रांग लागलेली, मी वैतागलो होतो.

परवा त्यांनी स्वतःचा बायोडेटा आणला, पुण्याच्या कंपनीसाठी. कंत्राट संपत आलंय. सवयीने मलाच वाचून दाखवला आणि कागद माझ्या हातात दिला. मोखाडा एका ओळीत उरकला होता.

"काय समजलं?"

"तुम्ही चाललात," मी म्हणालो.

या वेळी त्यांनी कागद परत घेतला नाही. म्हणाल्या, "दोन प्रती काढा."