जोडीत घेतलेला खेळ

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या दोन खोल्यांत पडदेमावशी राहतात. बाहेरच्या खोलीत शिलाईयंत्र, कापडाचे तागे, कड्यांनी भरलेला पत्र्याचा डबा आणि कापड अंथरायचे लांबलचक टेबल; आतल्या खोलीत पलंग, कपाट आणि स्वयंपाकाचा ओटा. खुर्ची एकच, आणि तीही बाहेर, गिऱ्हाइकांसाठी. नव्या घरात राहायला जाणारी माणसे त्यांना बोलावतात. मावशी गळ्यात टेप अडकवून जातात, मोकळ्या खोल्यांतून हिंडतात, खिडक्या मोजतात आणि सामान येण्याआधी परत फिरतात. ‘लोकांची घरं मी रिकामी असतानाच बघते,’ असे त्या एकदा सहज बोलून गेल्या. तक्रारीचा सूर त्यात नव्हता.

मी त्यांच्या थेट वरच्या मजल्यावर राहतो. माझे नाव त्यांना ठाऊक आहे, तरी हाक ‘वरचे’ अशीच. मी गावात वाढलो. तिथे शेजारच्या घरात जायला निमित्त लागत नसे. शहरात आल्यावर आधी दार वाजवायला शिकलो, आणि पुढे पुढे वाजवायचेही कमी झाले. मावशींच्या यंत्राची घरघर मात्र फरशीतून माझ्या खोलीत येते. ती चालू असली की मावशींचे बरे चालले आहे, असे मी धरून चालतो.

जुना फोन टेबलावरून पडून फुटला, तेव्हा कोपऱ्यावरच्या मोबाईलवाल्याने त्यांना नवा दिला. त्याच संध्याकाळी जिन्यातून हाक आली.

“अहो वरचे, जरा खाली या. हा फोन माझ्याशी खेळायला बसलाय.”

फोनमध्ये एक कोड्यांचा खेळ आधीच भरून आला होता. चौकटीत लाकडी ठोकळे अडकून पडलेले. ठरलेल्या चालींत ते सरकवायचे आणि मागचे दार मोकळे करायचे. चाली संपल्या की दाराला कुलूप. मग एक तर बराच वेळ थांबायचे, नाही तर हा खेळ खेळणाऱ्या ओळखीच्या कुणाकडून चावी मागायची. मावशींनी चष्मा नाकावर खाली ओढला आणि दुकानात कापडाचा पोत बघावा तसा तो खेळ बघितला.

“रंग बरे आहेत, डोळ्यांत खुपत नाहीत. ठोकळा सरकला की आवाज लाकडाचा येतो, डब्याचा नाही येत. माल चांगला आहे.” तेवढ्यात पडदाभर साबणाची जाहिरात उगवली. “आणि ही बया कोण?”

“जाहिरात आहे, मावशी. खेळ फुकट आहे ना, म्हणून.”

“म्हणजे पडदा फुकट शिवून द्यायचा आणि मग येता-जाता त्याच्याआडून डोकं आत घालायचं! ठेवा तो फोन तिकडे.”

फोन ठेवला गेला नाही. दुपारी जेवण झाले की मावशी गिऱ्हाइकांच्या खुर्चीत बसून ठोकळे सरकवू लागल्या. कुलूप पडले की चरफडत, आणि थांबण्याचा वेळ यंत्रावर घालवत.

एकदा मी दळणाची पिशवी त्यांच्याकडे विसरलो होतो, ती घ्यायला गेलो, तर त्या फोन हातभर लांब धरून उभ्या होत्या. फोनच्या पडद्यावर लिहिले होते : ताईला चावी हवी आहे.

ही ताई म्हणजे त्यांची सख्खी थोरली बहीण, हे मला माहीत होते. दोघींमध्ये बोलणे नाही, हेही इमारतीत सगळ्यांना माहीत होते. त्यांच्या आईने उमेदीच्या वयात एक मोठी चादर भरली होती. कडेने वेल आणि मधोमध पक्ष्यांचा थवा. आई गेल्यावर मावशींनी ती चादर मधोमध कापली, दोन्ही कापांना अस्तर लावले आणि पडद्यांची जोडी शिवली. एक ताईला, एक आपल्याला. त्यांच्या मनात काही वावगे नव्हते. कापडाचे दुसरे काय करायचे असते, ते त्यांना सुचणेच शक्य नव्हते. ताई आली, पडदा हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि म्हणाली, “कात्री लावायच्या आधी मला विचारायला काय झालं होतं?” पडदा तिने खुर्चीवर ठेवला आणि ती निघून गेली. तेव्हापासून एक पडदा आतल्या खिडकीवर एकटाच लटकतो आहे. खिडकीच्या निम्म्यातच त्याचे कापड संपते. दुसरा कपाटात आहे.

“तिनं मागितलेली नाही,” मावशी फोनकडे बघत म्हणाल्या. “खेळानं मागितलीय. दाबू का?”

“तुमची इच्छा.”

“त्यात इच्छा कसली? चावीच तर आहे.” आणि दाबले.

दुसऱ्या दिवशी मावशी अडकल्या. चावी ताईकडून आली. मग हे रोजचेच झाले. शब्द एकही नाही. कुलूप पडायचे, खेळ आपणहून विचारणा धाडायचा, चावी यायची. कुणाला कुणापुढे तोंड उघडावे लागत नव्हते. मावशी मात्र त्या चाव्यांवरून बहिणीचा अख्खा दिवस उभा करू लागल्या. सकाळीच चावी आली तर ‘बाईसाहेब आज खुशीत आहेत’. उशीर झाला तर ‘गुडघा धरला असणार, तेल लावत बसली असेल’. एकदा दिवसभर काही आले नाही, तेव्हा त्यांनी एका गिऱ्हाइकाच्या पडद्याला खालची दुमड उलट्या बाजूने घातली आणि सगळी उसवली. संध्याकाळी चावी आली. “नातवंडं आली असतील हो,” मला त्या म्हणाल्या, जणू काळजी मी करीत होतो.

मग खेळाने एक दिवस सवलत पुढे केली. एकदाच पैसे भरा; जाहिराती नाहीत, कुलूप नाही, सगळी कोडी खुली. शिवाय एकाच्या किमतीत दोन : दुसरा खेळ ओळखीच्या कुणालाही भेट. किंमत एका खिडकीच्या शिलाईएवढी होती. मावशींनी बरेच दिवस त्याच्याकडे कानाडोळा केला. पण ‘जोडी’ म्हटले की त्यांचा हात सैल सुटतो. पडदा एकटा विकायचा नाही, असा त्यांचा धंद्याचा नेमच आहे. एकच पडदा मागणाऱ्या गिऱ्हाइकाला त्या सरळ दाराबाहेरचा रस्ता दाखवतात.

मला कळले तेव्हा व्यवहार होऊन गेला होता.

“घेतला. ताईलाही धाडला,” त्यांनी फोन माझ्यापुढे नाचवला. “पैसा वसूल आहे, वरचे! ती साबणवाली गेली, कुलूप गेलं. कसं सुळसुळीत चाललंय बघा.”

“ताईंना विचारलंत आधी?”

“इश्श! भेट काय विचारून देतात?”

ते दोन-तीन दिवस घरघर जोरात होती. नंतर ती अडखळत येऊ लागली. थोडी चाले, मध्येच थांबे. माझी खोली शांत झाली की मला उगाच काहीतरी विसरल्यासारखे होई. शेवटी मी पडद्याची एक कडी तुटली आहे, ती बदलून हवी, असे निमित्त काढून खाली गेलो. कडी तुटली होती हे खरे. पण ती बऱ्याच महिन्यांपूर्वी.

मावशी टेबलापाशी उभ्या होत्या. कापड अंथरलेले होते, कात्री बाजूला होती.

“चाव्या बंद झाल्या,” त्या म्हणाल्या.

“कुलूपच नाही आता, मावशी. मग चावी कशाला लागेल?”

“तेच.” त्यांनी फोन माझ्याकडे सरकवला. ताईच्या नावापुढे हिरवा ठिपका होता. “खेळतेय ती. माझ्याही पुढे गेलीय.”

“मग चांगलंच आहे की.”

“आहे ना. कोण वाईट म्हणतंय?”

त्यांनी पत्र्याच्या डब्यातून कडी शोधून माझ्या हातावर ठेवली, आणि मी जायला वळलो तोच फोन उचलून ताईचा नंबर लावला. मला ‘थांबा’ म्हणाल्या नाहीत, ‘जा’ही म्हणाल्या नाहीत. मी दारातच उभा राहिलो. फोनचा आवाज मोठा होता.

“कोण?”

“मी.”

पलीकडे भांड्याचा आवाज झाला. “फोन बिघडला का?”

“नाही.”

“मग खेळ?”

“छान चाललाय. तुझा?”

“चाललाय. जाहिराती गेल्या.”

“हो ना, नुसता वैताग होता.”

“पैसे कशाला घातलेस?”

“जोडीत होता.”

“हं. मला विचारायचंस तरी.”

मावशींनी टेबलावरचे कापड तळहाताने सारखे केले. त्याला एकही सुरकुती नव्हती.

“बरं, ठेवते,” ताई म्हणाली. “गॅसवर दूध आहे, उतू जाईल.”

फोन बंद झाला. मावशी त्याच्याकडे बघत राहिल्या.

“दूध म्हणे! लहानपणापासून दुधाच्या वासानं तोंड फिरवते ती. आई मागे लागायची, तर माझ्या पेल्यात ओतून मोकळी व्हायची.” त्या हसल्या, पण हसणे लगेच आवरले. “जा तुम्ही. खोळंबा झाला तुमचा.”

पुढच्या दिवसांत घरघर जवळजवळ थांबलीच. दोन गिऱ्हाइके जिन्यात माझ्यापाशी कुरकुरून गेली. रविवारी दुपारी मावशी स्वतः वर आल्या. इतक्या वर्षांत त्या पहिल्यांदाच माझ्या दारात उभ्या होत्या. आत येऊन त्यांनी आधी माझ्या खिडकीकडे पाहिले. “हा पडदा कुणी शिवलाय? चुण्याच नाहीत. खिडकीएवढंच कापड घेतलं की असं फडकं होतं,” म्हणाल्या, आणि मग फोन पुढे केला.

“हा खेळ काढून टाका. आणि तो पहिला, फुकटचा, परत घालून द्या.”

“पैसे परत मिळणार नाहीत, मावशी. आणि सगळं पहिल्यापासून खेळावं लागेल.”

“माहितीय. उसवलेला दोरा परत वापरता येत नाही, त्याचं काय रडायचं? काढा.”

मी नियम वाचून बघितले. पूर्ण खेळ असणाऱ्याला चावी मागता येत नाही. पण दुसऱ्याने मागितली तर देता येते. म्हणजे ताईकडून विचारणा आता कधीच येणार नव्हती. मी ते मावशींना सांगितले.

“म्हणजे मागायचं ते मीच.”

“हो.”

“दर वेळी?”

“दर वेळी.”

त्यांनी मान हलवली आणि माझ्याच खुर्चीत बसून पहिले कोडे उघडले. त्यात मोजून तीन ठोकळे होते. लहान मूलही सोडवील असे. मावशींनी एक ठोकळा उजवीकडे सरकवला, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे. दार समोर दिसत होते. चाली संपल्या आणि कुलूप पडले. खेळाने विचारले : ताईकडे चावी मागायची का? खाली दोन शब्द लिहिण्याची जागा होती. ती पूर्वीही असणार. आम्हा दोघांचे तिकडे कधी लक्ष गेले नव्हते.

“इथं लिहिता येतं?”

“येतं.”

“तिकडे बघा जरा.”

मी माझ्या बिनचुण्यांच्या पडद्याकडे तोंड करून उभा राहिलो. काचेवरचे त्यांचे बोट सावकाश वाजत होते. काम झाल्यावर मी वळलो. दाखवायचे नव्हते तरी त्यांनी फोन उलटा ठेवायला थोडा वेळ लावला, तेवढ्यात मला दिसले. लिहिले होते : देतेस का?

त्या खाली गेल्या. त्या दुपारी फरशीतून काही आले नाही, आणि संध्याकाळीही नाही.

सकाळी मी कामावर निघालो, तर त्यांचे दार उघडे होते. मावशी यंत्रावर बसल्या होत्या. मला बघून त्यांनी पाय थांबवला.

“आली,” त्या म्हणाल्या. “आणि वर टोमणा. हे बघा.”

चावीखाली ताईने लिहिले होते : एवढं सोपं सुटेना? मला वाटलं तू हुशार.

“लहानपणापासून अशीच आहे,” मावशी म्हणाल्या. “तिच्या खेळाचे पैसे वसूल झाले. माझ्या खेळाचे बुडाले.”

“मग आज काय? पुन्हा तेच कोडं?”

“छे! आज सोडवणार. रोज पहिल्यालाच अडकले, तर मुद्दाम हरतेय हे तिला कळेल. एक सोडवायचं, एक हरायचं. उद्या मागीन.”

ताईला ते काल रात्रीच कळले असणार, असे मला वाटले. मावशींनी यंत्राचे चाक हाताने फिरवून दिले, आणि मी इमारतीबाहेर पडेपर्यंत मला ते ऐकू येत होते.