कोकिळाकाकूंनी पाहिलेलं समुद्राकाठचं घर

पिंप्राळ्यात कुणाच्या मुलीचं लग्न जमत आलं, की मुलाकडचं घर पाहायला कोकिळाकाकूंना सोबत नेतात. रीत जुनीच, पण काकूंचं पाहणं वेगळं. त्या बैठकीत बसत नाहीत. थेट मोरीत जाऊन नळ सोडतात, गच्चीवरच्या टाकीत डोकावतात, शेजारणीशी कुंपणावरून दोन गोष्टी बोलून येतात. हे सगळं होईपर्यंत त्या घरचा चहा ओठाला लावत नाहीत. मुक्ताईनगरला एकदा त्यांनी भरला कप तसाच ठेवला. फरशी आरशासारखी होती, पण नळ कोरडा होता.

अशा काकूंवर यंदा श्रीलंकेतलं घर पाहायची वेळ आली, तीही पिंप्राळ्यातल्या आपल्या पलंगावर बसून.

कारण त्यांच्या सासूबाई, सुंदरबाई, घरच्यांच्या अक्का. वय शहात्तर, सगळा जन्म भडगावला गिरणा नदीच्या काठी गेलेला. "माले समुंदर देखना शे," हे त्यांचं कितीतरी वर्षांचं पालुपद. पुण्यात नोकरी करणाऱ्या नातीने, दिपमालाने, ते मनावर घेतलं. "अक्का, विमानाने नेते तुला!" हॉटेलात वेगळ्या खोलीत झोपायला अक्का तयार नव्हत्या, म्हणून डिसेंबरात आठ जणांसाठी अख्खं घरच भाड्याने घ्यायचं ठरलं. पण अक्कांचे गुडघे पार गेलेले. घर चुकलं तर त्या आठवडाभर भिंतीकडे बघत बसणार, आणि पुन्हा असा योग येईल याची खात्री कुणी द्यावी?

रविवारी दिपमाला सुट्टीला आली ती फोन पुढे करतच. "आई, हे बघ! पोहायला निळा तलाव, समोर समुद्र! आज संध्याकाळपर्यंत अर्धे पैसे भरले तर सवलत आहे."

"फोटो नको. घर दाखवायला सांग. आत्ता, चालतं-बोलतं."

पलंगाच्या टोकाला बसलेले काकूंचे यजमान नवलकाका हसले. "मुलगी कोणाला देतेस गं तिथे?"

"या खेपेला सासू देतेय," काकू म्हणाल्या. अक्काही तोंडाला पदर लावून हसल्या.

व्हिडिओवर तिथला व्यवस्थापक आला. तलाव, झोपाळा, पांढऱ्या गाद्या. दिपमाला दर खोलीला "वा!" म्हणत होती. काकू म्हणाल्या, "त्याला म्हणावं, रस्त्यावरच्या फाटकापासून चालत ये."

तो जरा घुटमळला. मग फोन हलू लागला आणि पायऱ्या सुरू झाल्या. काकू बोटांच्या पेरांवर मोजत होत्या.

"कितल्या शेतस?" अक्कांनी हळूच विचारलं.

"अठ्ठावन्न."

अक्कांनी गुडघ्यावरून हात फिरवला. दिपमालाने फोन ठेवला. तिचे डोळे भरून आले होते. फोटोंत खोटं काहीच नव्हतं, फक्त डोंगर आला नव्हता.

"रडतेस काय? दुसरं काढ," काकू म्हणाल्या. "ज्याचे फोटो वाईट आहेत ते काढ."

दुसरं घर कौलारू, बुटकं होतं. मालकीण कुमुदिनी नावाच्या पिकल्या केसांच्या बाई. काकू मराठीत विचारत, दिपमाला इंग्रजीत पोचवी.

फाटकापासून दारापर्यंत? सपाट वाळू, एक उंबरा. नळ सोडा म्हटल्यावर त्यांनी सोडला आणि हात भिजवून दाखवला. संडासात धरायला दांडा नव्हता. "बसवून देईन," त्या म्हणाल्या. ते, आणि अनामत कधी परत मिळणार तेही, दोन्ही लिहून पाठवायला काकूंनी सांगितलं. डॉक्टर किती लांब? डिसेंबरात समुद्र कसा असतो? शेगडीला किती बर्नर? मध्येच काकू पुढे झुकल्या. "शेजारीण आहे का? तिला बोलवा."

दिपमालाने कपाळाला हात लावला. "आई, असं कोणी विचारतं?"

पण तिकडे हाक गेली, आणि कुंपणापलीकडून ओल्या हातांची एक बाई खरोखरच येऊन हसून उभी राहिली. कुमुदिनीबाई आपणहून म्हणाल्या, "एक सांगते. दुपारी कधीकधी वीज जाते."

काकूंचा चेहरा खुलला. आपला दोष आपण सांगणारं घर त्यांनी आजवर नाकारलं नव्हतं.

"अक्का, तुम्हाला काही विचारायचंय?"

अक्कांनी फोन दोन्ही हातांत धरला. "समुंदर कठे शे?"

याचं भाषांतर लागलं नाही. कुमुदिनीबाईंनी फोन फिरवला. उंबरा, वाळू, दोन नारळ, आणि त्यांच्यामागे हलणारं, चमकणारं, पलीकडचा काठच नसलेलं पाणी. फोनातून त्याचा आवाज खोलीत आला. अक्का पापणी न हलवता बघत राहिल्या. मग पाय पलंगाखाली सोडून चपला शोधू लागल्या, जणू रिक्षा दारात उभी आहे.

दिपमाला अधीर झाली होती. "आई, पैसे भरू?"

बाजूच्या स्टुलावर चहा मघापासून साय धरून बसला होता. काकूंनी कप उचलला, फोनसमोर धरला आणि एक मोठा घोट घेतला.

"भर!" नवलकाकाच ओरडले.

तिकडे कुमुदिनीबाईंना काही उमगलं नसावं. पण त्याही आत गेल्या आणि आपला कप घेऊन आल्या.