मका आधी शिजवायचा

लग्न ठरताना मुलाचे वडील 'फूड प्रोसेसिंग'मध्ये होते, एवढंच आम्हाला सांगितलं होतं. माझ्या आईला वाटलं, लोणची-मुरंबे असतील. लग्नानंतर दीड वर्षाने, अमिरातीतल्या रास अल खैमाच्या आमच्या फ्लॅटमध्ये, नवऱ्याने एकदा सहज सांगितलं की बाबांनी तीस वर्षं बिअरच्या कारखान्यात काढली. धान्य शिजवतात त्या विभागात. घरात तो विषयच निघत नसे. बाबा कामावरून आले की आधी आंघोळ करायचे, मगच स्वयंपाकघरात पाऊल टाकायचे. सासूबाईंची तशी अट होती. शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय लिहायची वेळ आली की नवरा 'कंपनीत नोकरी' एवढंच लिहायचा.

सासूबाई गेल्या त्या वर्षी हिवाळ्यात बाबा व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे आले. तीन महिन्यांसाठी. बोलत नसत. सकाळी उठून अंथरुणाची घडी घालायचे, बाल्कनीत खुर्चीवर बसायचे, समोरच्या डोंगराकडे बघायचे. जेवायला हाक मारली की यायचे. मी शाळेत गणित शिकवायचे. दुपारी परत आले तरी ते त्याच खुर्चीत असायचे. नवरा टाइल्सच्या फॅक्टरीत क्वालिटीला होता. तो घरी आला की बापलेकांचं बोलणं 'जेवलात?', 'जेवलो' एवढ्यावर खलास.

आमच्या स्टोअररूममध्ये त्या वेळी एक झाकण लावलेली पांढरी बादली होती. नवऱ्याच्या एका इंग्रज सहकाऱ्याची बदली झाली, तेव्हा जाताना तो मोड आणून वाळवलेल्या जवाची, म्हणजे माल्टची, पिशवी, बिअरला कडवटपणा आणणारी हॉप्सची वाळकी फुलं आणि यीस्टची पाकिटं ह्याला देऊन गेला होता. घरी बिअर करणं कायद्यात बसत नाही हे आम्हाला माहीत होतं. मी दोनदा भांडलेही होते. पण हा थोडं थोडं करायचाच. माल्ट पुरवून पुरवून वापरायचं म्हणून ह्या वेळी त्याने त्यात मक्याचं पीठ मिसळलं होतं. बाबा आल्यावर त्याने बादलीवर जुनी चादर टाकली.

एका शुक्रवारी बाबा स्टोअररूममध्ये इस्त्री शोधायला गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. मी जाऊन पाहिलं तर चादर बाजूला, झाकण उघडं आणि बाबा बादलीवर वाकून वास घेत होते. मागोमाग नवरा आला. त्याचा चेहरा पडला.

"बाबा, ते... मी नंतर टाकूनच देणार होतो."

बाबांनी चमच्याने थोडं वर काढलं. आंबिलीसारखं गढूळ होतं ते.

"मका कच्चा घातलास," ते म्हणाले.

"पीठ होतं. गरम पाण्यात माल्टबरोबरच टाकलं."

"जव तेवढ्या उष्णतेत मोकळा होतो. मका नाही होत. मका आधी शिजवायचा." मग चमचा बाजूला ठेवून, "हे फेकून दे. माल्ट किती उरलंय?"

आठवड्यातलं त्यांचं ते सगळ्यात लांब बोलणं होतं.

दुसऱ्या दिवशी ते नवऱ्याबरोबर धान्याच्या दुकानात गेले. मक्याचे दाणे दाताखाली फोडून, हुंगून पाहिले. दोन पोती नाकारली. मल्याळी दुकानदार "अंकल, बकरी के लिए है क्या?" म्हणून विचारत राहिला. घरी आल्यावर मी मिक्सरवर मका भरडून दिला आणि बाबा जमिनीवर मांडी घालून ताटात तो पाखडायला बसले. दाण्याचा कोंब वेगळा काढायचा होता. "कोंबात तेल असतं," ते मला म्हणाले. "तेल राहिलं की फेस मरतो." आमची लहान मुलगी शेजारी येऊन बसली. "आजोबा, इज इट सूप?" तिने विचारलं. "आधी सूप, मग दुसरं काही," ते म्हणाले, आणि हसले.

मका त्यांनी मूठभर माल्टबरोबर अर्धा तास रटरटत शिजवला. सतत ढवळत होते. मी पळी मागितली तर दिली नाही. दुसऱ्या पातेल्यात बाकीचं माल्ट कोमट पाण्यात भिजत होतं. त्यात हा उकळता मका ओतला, तशी सगळ्याची उष्णता हवी तेवढी झाली. मी शाळेच्या प्रयोगशाळेतून आणलेला थर्मामीटर दाखवायला गेले, तर ते भांड्याला हाताची पालथी बाजू लावून आधीच म्हणाले, "पासष्ट." थर्मामीटरवर सहासष्ट होते.

तासाभराने त्यांनी नवऱ्याकडे पांढरी टाइल मागितली. आमच्या घरात टाइल्सच्या सॅम्पलना तोटा नव्हता. त्यावर पातेल्यातल्या पाण्याचा एक थेंब आणि प्रथमोपचाराच्या डब्यातल्या आयोडीनचा एक थेंब टाकला. थेंब निळाकाळा झाला.

"अजून पीठ आहे. थांबायचं."

वीस मिनिटांनी दुसरा थेंब. फिकट जांभळा. मग तिसरा. आयोडीनचा रंग तसाच तांबूस राहिला. तिघंही टाइलवर डोकी जुळवून उभे होतो.

"झाली साखर," बाबा म्हणाले. "कारखान्यात हा थेंब मी टाकायचो. मी हो म्हणेपर्यंत पुढचा व्हॉल्व्ह उघडायचा नाही. मोठे साहेबसुद्धा थांबायचे." मग टाइल पुसत, कोणाकडे न बघता, ते म्हणाले, "तुझ्या आईने कधी विचारलं नाही, मी दिवसभर काय करतो ते."

"मीही नाही विचारलं," नवरा म्हणाला.

बाबांनी गाळायचं फडकं कुठे आहे, एवढंच मला विचारलं.

पुढे बिअर झाली. सोड्याच्या बाटल्यांत भरून ठेवली, महिनाभराने उघडली. फिकट, स्वच्छ, गव्हाच्या काडीच्या रंगाची. मी दोन घोट घेतले. मला कडूच लागली. नवऱ्याने डोळे मिटून घेतली. बाबांनी अर्धा ग्लास उजेडाकडे धरला, फेस किती टिकतो ते घड्याळात बघितलं, एक घोट तोंडात घोळवला आणि "जमलंय" म्हणून ग्लास खाली ठेवला. उरलेली त्यांनी प्यायली नाही. त्यांना पिण्यात फारसा रस नव्हताच, हे मला तेव्हा कळलं.

व्हिसा संपायच्या आत त्यांनी आणखी दोनदा केली. एकदा मक्याऐवजी पोहे घातले. पोहे आधीच वाफवून कुटलेले, म्हणून शिजवायची कटकट नाही. ती पाणचट झाली. "पोहे फार झाले," त्यांनी मोकळेपणाने कबूल केलं. पोह्यांवरून बापलेक दोन दिवस वाद घालत होते. त्या घरात मी पहिल्यांदाच त्यांचा वाद ऐकत होते.

ते परत गेल्यावर माल्ट संपलं आणि नंतर आम्हीही ते बंद केलं. मुलगी मोठी होत होती, तिच्या मैत्रिणी घरी येत, भीती वाटायची. पण फोन बदलला. पूर्वी शुक्रवारी दोन मिनिटं बोलून नवरा रिसीव्हर माझ्या हातात द्यायचा. आता फोनकार्ड संपेपर्यंत बोलायचा. आधी मका, तांदूळ, कारखान्यातले लोक, कोणाचा हात वाफेने भाजला, कोणी संपात काय केलं. मग हळूहळू इतर गोष्टी. एकदा मी चहा द्यायला गेले, तर तो नुसता ऐकत होता, भिंतीला टेकून, डोळे भरलेले. पलीकडे बाबा सासूबाईंच्या शेवटच्या आठवड्याबद्दल सांगत होते. मी कप खाली ठेवला, मुलीला बाहेरच्या खोलीत नेलं आणि दार ओढून घेतलं.