सत्त्याण्णववर उठलेला माणूस

अनिरुद्ध देवस्थळी बॅटिंगला आला की वसईजवळच्या उमेळ्यातल्या बेनेडिक्टच्या घरात कुणी जागचं हलायचं नाही, असा नियम होता. खुर्चीत असेल तो खुर्चीत, उंबऱ्यावर असेल तो उंबऱ्यावर. चर्चमध्ये मिसेला उशिरा आलेल्याला एक वेळ माफी होती, इथे नव्हती. एकदा शेजारच्या वाडीतला पांडुरंग, बेनेडिक्टचा शाळेपासूनचा दोस्त, घरी जायला निघाला. एका पायात चप्पल घातली आणि तेवढ्यात देवस्थळीने चौकार मारला. बिचारा चहापानापर्यंत एका चपलेवर दारात उभा राहिला. देवस्थळीचं त्या दिवशी शतक झालं, आणि त्यात निम्मा वाटा आपला आहे असं पांडुरंग आजही मानतो. हसू नका. ज्यांनी त्या काळात क्रिकेट मनापासून बघितलंय त्यांना यात काही वेडेपणा वाटणार नाही.

बेनेडिक्ट आता चौऱ्याहत्तरचा आहे. कारखान्यात फिटर होता, निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. केळीची बाग होती तिथे सात मजली इमारत उभी आहे, आणि तिच्यामुळे अंगणात दुपारी तीनलाच ऊन संपतं. मुलगा ग्लेन कॅनडात. दर रविवारी फोन करतो, जेवलात का विचारतो. बायको रोझलीन दोन वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून बेनेडिक्ट मॅच बघताना जाहिराती लागल्या की टीव्हीचा आवाज बंद करतो. पूर्वी तेवढ्यात बोलणं व्हायचं. आता बोलायला कुणी नाही, तरी सवय म्हणून तो आवाज बंद करतो आणि नुसता बसून राहतो.

या माणसाला गेल्या पावसाळ्यात हेमालीने शोधून काढलं. हेमाली वसईतच एव्हरशाईन सिटीत राहते, तिचे वडील देवस्थळीचे भक्त होते. त्यांच्यामागे तिने देवस्थळीच्या चाहत्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. देवस्थळीला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार होती. तो स्वतः मुलीकडे ऑस्ट्रेलियात, गुडघ्यांमुळे कुठे जात नाही. म्हणून चाहत्यांनी त्याच्याशिवायच हॉल घेऊन सोहळा करायचा ठरवला. ज्याने त्याने उठून आपली एक आठवण सांगायची. बेनेडिक्टची आठवण वसईत सगळ्यांना पाठ होती, त्यामुळे हेमालीने त्याला फोनवर बजावलं, "अंकल, वाइफवाली स्टोरी तुम्हीच सांगायची."

ती गोष्ट अशी. छत्तीस वर्षांपूर्वी देवस्थळीचा शेवटचा कसोटी सामना, शेवटचा डाव. बेनेडिक्टच्या घरात सात-आठ जण दाटीने बसलेले. देवस्थळी सत्त्याण्णववर. आणि स्वयंपाकघरातून रोझलीनने हाक मारली. बेनेडिक्ट उठला, आणि मागे देवस्थळीची दांडी उडाली. पुन्हा तो कधी खेळला नाही. लग्नात, बारशाला, सणाच्या जेवणावळीत बेनेडिक्ट ही गोष्ट सांगायचा आणि शेवटी म्हणायचा, माझ्या बायकोने देवस्थळीला आउट केलं. लोक पोट धरून हसायचे. रोझलीनही हसायची आणि भांडी उचलून आत जायची.

खरं सांगायचं तर रोझलीनने हाक मारलीच नव्हती. सत्त्याण्णववर बेनेडिक्टच्याच छातीत धडधडायला लागलं, बघवेना, म्हणून तो आपला आपण उठून स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला. मागे एकदम सगळे हाय हाय करायला लागले. त्याने वळून बघितलं तर देवस्थळी परत निघाला होता आणि सगळी मंडळी याच्याकडे बघत होती. अडतीस वर्षांचा बाप्या, पण शाळेतल्या पोरासारखा घाबरला. म्हणाला, रोझलीनने बोलावलं. रोझलीन पदराला हात पुसत बाहेर आली, एकदा त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, हो, सिलिंडर लावायचा होता.

त्यावर ती पुढे कधी एक शब्द बोलली नाही. तिला राग असणार, असं बेनेडिक्टने धरून चाललं. पण गोष्ट इतकी रंगायला लागली होती की मागे घेणं जमेना, आणि माफी मागायची तर आधी कबूल करावं लागणार. आज मागू, उद्या मागू करता करता रोझलीन गेली. आता निदान चारचौघांत तिच्यावरचा आळ काढायचा, एवढं तरी करायचं, असं त्याने ठरवलं. आठ दिवस त्याला जेवण गेलं नाही.

हॉलमध्ये दीडशे माणसं होती, बहुतेक पिकल्या केसांची. बेनेडिक्टचं नाव पुकारल्यावर आधीच टाळ्या पडल्या. त्याने माईक धरला आणि नेहमीची सुरुवात केलीच नाही. "रोझलीनने हाक मारली नव्हती," तो म्हणाला. "मी घाबरून उठलो. नाव तिचं घेतलं. छत्तीस वर्षं मी खोटं बोललो."

सगळा हॉल खदखदून हसला. गोष्टीला नवा शेवट आला म्हणून लोक खूश झाले. मागून कुणी ओरडलं की त्या बॉलला आपणही उठलो होतो, मग दुसरा म्हणाला आपणही, आणि बघता बघता दहा-बारा हात वर झाले. बेनेडिक्ट माईक धरून तसाच उभा राहिला. त्याला हे हसण्यासाठी सांगायचं नव्हतं. हेमालीने हलकेच त्याच्या हातातून माईक घेतला.

बाहेर पायरीवर पांडुरंग त्याच्याशेजारी येऊन बसला. बराच वेळ गुडघे चोळत राहिला. मग म्हणाला, "आम्हाला तेव्हाच माहीत होतं, बेनेडिक. मी स्वयंपाकघराच्या दाराशीच बसलो होतो, हाक आली असती तर मला आधी ऐकू आली असती. नंतर पाणी प्यायला म्हणून आत गेलो आणि वहिनीला विचारलं."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, त्याला कोणी काही बोलू नका. त्याचा देवस्थळी गेलाय आज." पांडुरंग म्हणाला, "सगळ्यांना तसं सांगून ठेवलं होतं तिने. तू गोष्ट सांगायला लागलास की आम्ही तिच्याकडे बघायचो, ती हसली की आम्ही हसायचो."

एवढी वर्षं बेनेडिक्ट तिला रागावलेली समजत होता, आणि ती गावभर त्याची अब्रू सांभाळत फिरत होती. त्याने रिक्षाला हात केला, उमेळा सांगितलं, आणि घरी जाऊन हे आधी रोझलीनला विचारायचं असं मनाशी पक्कं केलं. रिक्षा स्टेशनच्या पुलावर चढली तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं, घरी विचारायला रोझलीन नाही.