अंगणातली गच्ची

वैनींबद्दल काहीतरी लिही, असं घरातली मंडळी बरीच वर्षं सांगत आली आणि मी टाळत आलो. कधी डोळ्यांचं कारण दिलं, कधी उन्हाळ्याचं. खरं कारण वेगळं आहे. वैनींबद्दल लिहायचं तर आमच्या गच्चीच्या जिन्याबद्दल लिहावं लागणार, आणि त्या जिन्याची जी हकिगत आमच्या घरात सांगितली जाते ती खोटी आहे. ती मीच पसरवलेली आहे.

वैनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. त्यांची एक खोड होती. कुठलीही गोष्ट स्वतः वापरून बघितल्याशिवाय त्यांना पटत नसे. एकदा खुर्ची घ्यायला त्यांना सांगलीला नेलं, तर दुकानातल्या एकूण एक खुर्चीवर त्या बसल्या. बसून, मांडीवर सूप असल्यासारखे हात हलवून बघितले. दुकानदाराला हसू आवरेना. त्यावर म्हणाल्या, "हसू नगा. मला हितं बसून म्हातारं व्हायचंय."

त्यांचं माहेर म्हसवडचं. दादा फौजेत होता. लग्न होऊन त्या पलूसला आमच्या घरी आल्या ते थेट उसाच्या मधोमध. सगळे म्हणत, पोरीनं नशीब काढलं, बारमाही पाण्यात पडली. वैनी मात्र अंगणात उभ्या राहून म्हणायच्या, "आमच्याकडं पाणी न्हाई, पर नजर लांब जाती. हितं ऊस वाढला की डोळ्यापुढं कूड घातल्यागत हुतंय." दादा रजेवर आला की त्यांना सांगायचा, रिटायर झाल्यावर तुला गच्ची करून देतो. रिटायर झाला, घरावर स्लॅब टाकून झाला, आणि गच्ची व्हायच्या आधीच तो गेला.

पुढं दोन-तीन वर्षांनी वैनींनी स्वतःच विषय काढला. दादाच्या पेन्शनीतून त्यांनी पैसे बाजूला टाकले होते, उरलेले मी घालायचे ठरलं. माझी सगळी नोकरी हिशेबात गेलेली, म्हणून खर्चाचं बघणं माझ्याकडं आलं.

बाबूलाल मिस्त्री कागदावर नकाशा काढून घेऊन आले. वैनींनी तो बघितलासुद्धा नाही. अंगण झाडून घेतलं आणि रांगोळीनं सगळी गच्ची जमिनीवर आखली, स्लॅबच्या बरोबर मापाची. हा कठडा, ही पाण्याची टाकी, इथं सांडगे-कुरडया वाळत घालायच्या, इथं बसायचं. मिस्त्री रेघ ओलांडून आत आले तर, "भाई, गच्चीत चपला घालून येता व्हय?" मिस्त्रींनी बाहेर जाऊन चपला काढल्या. मग आमचा संध्याकाळचा चहा त्या रांगोळीच्या गच्चीतच होऊ लागला. माझी बायको एकदा घाईघाईनं दोरीवरचे कपडे काढायला रेघेवरून गेली, तशा वैनी ओरडल्या, "अगं, कठड्यावरनं पडशील की!" गल्लीतली माणसंही गच्ची बघायला म्हणून येऊन बसून जात.

जिनाही त्यांनी असाच ठरवला. गुडघे तेव्हाच कुरकुरायला लागले होते. अंगणात विटा रचून मिस्त्रींना पायरी करायला लावायची, चढून बघायची, उतरायचं आणि सांगायचं, "लय उंच झाली. आजून बसकी करा." असं करत करत एकदा त्या गुडघ्यावर हात न ठेवता वर चढल्या. वरच उभ्या राहून म्हणाल्या, "ही माझी पायरी."

"वैनी, एवढी बसकी पायरी धरली तर जिना पार फाटकापातुर येतोय," मिस्त्री म्हणाले.

"यू दे की. फाटक काय चावतंय त्येला?"

मी खर्चाचा अंदाज सांगितला तेव्हा तो आमच्या हाताबाहेर जात होता. वैनी एकेक गोष्ट खोडत गेल्या. पत्र्याचं शेड नको. फरशी नको, साधा सिमेंटचा कोबा चालेल. कठडा विटांचाच करा. "सगळं काढा भावजी. जिना तेवढा काढू नगा."

त्याच सुमारास पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या मुलानं गाडी घ्यायचं ठरवलं. फोनवर त्यानं विचारलं, "जिना फाटकापर्यंत आला तर घरी आल्यावर गाडी काय रस्त्यावर लावायची?" वैनी तेव्हा सिद्धनाथाच्या जत्रेला म्हसवडला गेल्या होत्या, महिनाभर माहेरीच राहणार होत्या. मी मिस्त्रींना बोलावून गोल लोखंडी जिना बसवायला सांगितलं.

"वैनींस्नी इचारलं का?"

"त्यांनीच सांगितलंय," मी म्हणालो. "गाडीला जागा राहू दे म्हणाल्या."

वाचलेल्या पैशात मी गच्चीला चकचकीत फरशी घातली आणि स्टीलचं रेलिंग लावलं. शेजाऱ्यांनाही तेच सांगितलं, वैनींनी पुतण्याच्या गाडीसाठी जिना सोडला.

जत्रेहून परतल्यावर वैनी रिक्षातून उतरल्या आणि पिशवी हातात तशीच धरून जिन्याकडं बघत राहिल्या. मिस्त्री तिथंच होते. खुशीत म्हणाले, "तुमच्या मनापरमानं केलंय बगा वैनी. गाडीला भरपूर जागा ठिवली." वैनींनी माझ्याकडं बघितलं. मी रिक्षाचे पैसे द्यायला वळलो. मग त्या मिस्त्रींना म्हणाल्या, "व्हय. बरं केलं. पोराची गाडी रस्त्यावर कशाला?" आणि पाय धुवायला मोरीकडं गेल्या.

त्या गच्चीवर त्या कधीच आल्या नाहीत. कुणी चेष्टेनं विचारलं, गच्ची गच्ची करत होता आणि आता वर का येत नाही, तर सांगायच्या, "मला गरगरतंय उंचावर." आम्ही वर बसलो की खालून हाक यायची, "काय काय दिसतंय रं?"

"ऊसच दिसतोय काकी," माझा मुलगा म्हणायचा.

"त्येच्या पल्याड बघ की!"

एका सकाळी मी त्यांना त्या जिन्यावर बघितलं. एका हातात निऱ्या, दुसरा हात दांड्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवरच अडकलेल्या. माझी चाहूल लागताच त्या पदरानं दांडा पुसायला लागल्या. पुसत पुसत खाली आल्या आणि म्हणाल्या, "लय धूळ बसती."

वैनी वारल्यावर भेटायला आलेला प्रत्येक जण त्या जिन्याकडं बघून म्हणायचा, केवढं मोठं मन बाईचं! मी मान डोलवत बसलो होतो.

त्याआधी, त्यांच्या शेवटच्या दुखण्यात, सांगलीच्या दवाखान्यात मी त्यांना भेटायला गेलो होतो, तो दिवस सांगायचा राहिला. एसटीत बसल्यापासून मी वाक्यं जुळवत होतो. खोली वरच्या मजल्यावर होती, लिफ्टनं जायचं. खाट खिडकीशी होती. वैनी उशाला टेकून बाहेर बघत होत्या.

"भावजी, हितनं लय लांबचं दिसतंय," त्या म्हणाल्या. "ती बगा नदी."

"वैनी," मी म्हणालो.

"काय वो?"

"चहा आणू?"

"आणा की. तुमालाबी आणा."

मी खाली जाऊन चहा घेऊन आलो, तोवर त्यांची मुलगी सासरहून आली होती. तिला वैनी खिडकीतून बोट करून काहीतरी दाखवत होत्या. मी कप ठेवले आणि खाटेच्या कडेला उभा राहिलो. जिना मी बदलला वैनी, आणि नाव तुमचं घेतलं, मला माफ करा, एवढंच म्हणायचं होतं. त्यांच्या मुलीदेखत ते माझ्या तोंडून निघालं नाही.